गिरणीचं माहेर

रमिलाबाईचं आणि माझं पहिल्या भेटीतच वाजलं. संस्थेची जीप वर डांबरी संपते तिथे सोडून मी पायवाटेनं घसरत, धापा टाकत उंबरपाणीला पोचले होते. आणि ही बाई ओट्यावर बसून मक्याची कणसं सोलत माझ्याकडे बघून हसत होती. नुसती हसत नव्हती, शेजारणीला बोटानं दाखवून हसत होती. माझं डोकं आधीच तापलेलं. मी आमच्या घरच्या बोलीत पुटपुटले, "दात काढाले काय व्हयनं हिले?"

तिकडून तितक्याच खणखणीत अहिराणीत उत्तर आलं, "तू शेळीसारखी उतरी ऱ्हायनी माय, हासू नही तं काय करू?"

मी जागच्या जागी थांबले. धडगावच्याही पुढे, सातपुड्याच्या पार आत, जिथे घराघरात पावरी बोलतात, तिथे कोणी माझ्या आजीच्या बोलीत माझी फजिती करेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ही अहिराणी ती नंदुरबारला शिकली होती. तरुणपणी दर हिवाळ्यात ती नवऱ्याबरोबर, डोंगरसिंगबरोबर, डोंगर उतरून मिरचीच्या पथारीवर मजुरीला जायची. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. तिथल्या मुकादमाशी भांडायचं तर त्याची बोली यायला हवी, म्हणून शिकले, असं ती सांगायची. भाषा शिकायचं याहून चांगलं कारण मी अजून ऐकलेलं नाही.

मी दीपमाला, नंदुरबारजवळच्या कोरीटची, लग्नानंतरही नवऱ्यासह माहेरीच राहणारी. घरची शेती, भाऊ शेतात, आणि मी नंदुरबारच्या एका संस्थेत नोकरीला. डोंगरातल्या पाड्यांवर सौरऊर्जेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या बसवायच्या, असा आमचा प्रकल्प होता. पैसा बाहेरच्या देणगीदाराचा, मेहनत आमची, आणि गिरणी गावाची, असं आम्ही प्रत्येक बैठकीत सांगायचो. उंबरपाणीला तेव्हा पहाटे जात्याची घरघर असायची. रमिलाबाईची सून रविना अंधारात उठून ज्वारी दळायची, मग झिऱ्यावरून पाणी आणायची, मग मूल पाठीशी बांधून शेतात जायची. रमिलाबाईचं उजवं मनगट जात्यानं कायमचं सुजलेलं. ती ते मनगट दाखवून म्हणायची, "हाऊ हात मन्हा नही आते, जातानाच व्हई गया."

गिरणी बसली त्या दिवशी पहिलं पीठ हातात घेऊन ती किती तरी वेळ चोळत बसली होती. मग माझ्या गालाला पीठ फासून पळाली. पन्नाशीची बाई!

तिला मी शहाणी-सुरती वगैरे म्हणणार नाही. माझ्या प्रशिक्षणांत ती उघड उघड झोपायची. गिरणीच्या रांगेत नात्यातल्या बायकांचे डबे हळूच पुढे सरकवायची, आणि पकडली की उलट माझ्यावरच आवाज चढवायची. मोटारीला तर इतकी घाबरायची की बटण दाबताना डोळे मिटून घ्यायची. पण पाड्यावर कोणाचं मूल तापलं, कोणाची बाई रुसून माहेरी गेली, कोणाची म्हैस दरीत पडली, की आधी रमिलाबाई तिथे. "कशी शेस?" हे दोन शब्द ती ज्या सुरात विचारायची, त्या सुरात मला माझ्या घरीसुद्धा कोणी विचारत नाही.

तीन वर्षांनी प्रकल्प संपत आला. आमच्या कार्यालयात त्या काळात 'शाश्वतता' हा शब्द मीठ-मिरचीसारखा वापरला जायचा. आम्ही गेल्यावर काम चालू राहणं म्हणजे शाश्वतता. त्यासाठी समिती नेमली, फळ्यावर चौकोन-बाण काढले, नि शेवटी हस्तांतराचा कार्यक्रम केला. दिल्लीहून साहेब आले आणि त्यांनी फीत कापली. कापण्यासारखं तिथे काही नवीन नव्हतं, तरी कापली. गावपाटील दलसिंगच्या हातात किल्ली दिली. टाळ्या वाजल्या, आणि आम्ही सुटलो एकदाचे म्हणून डोंगर उतरलो.

पुढे पावसाळा गेला, दिवाळी गेली. उंबरपाणीहून एकही फोन आला नाही. मी ते यश समजत होते. फोन नाही म्हणजे तक्रार नाही, तक्रार नाही म्हणजे सगळं झकास!

शेवटच्या पाहणीसाठी गेले तेव्हा मात्र पायवाटेवरूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गिरणीचा आवाज नव्हता. खाली आले तर घराघरात पुन्हा जाती मांडलेली. गिरणीच्या खोलीला कुलूप. उघडून बघते तर आत जमीन ताजी शेणानं सारवलेली, भिंतीला गेरूची नक्षी, कोपऱ्यात उदबत्तीचा वास, आणि गिरणीवर कोरं करकरीत लुगडं पांघरलेलं. लुगडं बाजूला केलं. मोटारीचा पट्टा तुटला होता. साधा रबरी पट्टा, धडगावच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळणारा.

माझा पारा चढला. "पट्टा तुटला तर आणायचा ना! समिती कशाला केली होती? पूजा करायला?"

दलसिंग पावरीत काहीतरी म्हणाला. त्याचा चेहरा अगदी शांत, उलट थोडा अभिमानाचाच. रमिलाबाईनं सांगितलं, "तो म्हणस, आम्ही हात बी नही लावा. जशी ठेयेल व्हती तशीच शे. देखी ले."

मी कपाळावर हात मारला आणि परत आले. कार्यालयात खरं ते सांगावं लागलं. वरून निर्णय आला की उंबरपाणीला गिरणीची गरज दिसत नाही. अक्कलकुव्याकडचा एक पाडा कधीपासून मागतोय, तिकडे हलवा. आणि हलवायचं काम माझ्याकडे. नोकरीतलं माझं ते शेवटचंच काम होतं, कारण देणगीबरोबर आमच्या जागाही संपणार होत्या.

मी टेम्पो घेऊन गेले. चालवायला नवनीत, तळोद्याचा, आमच्या संस्थेचा जुना माणूस. रस्ताभर मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. ते आडवे येतील, बायका शिव्या देतील, रमिलाबाई माझी आई-आजी काढेल. मग मी असं म्हणेन, मग मी तसं म्हणेन.

टेम्पो वर डांबरीशी उभा करून आम्ही दोघं खाली उतरलो, पण कोणीच आडवं आलं नाही. उलट माणसं मदतीला धावली. डोंगरसिंग स्वतः पान्हा घेऊन नटबोल्ट ढिले करायला बसला. दोघं पत्र्यावर चढून पॅनल सोडवू लागले. रमिलाबाईनं तेच लुगडं मोटारीला गुंडाळलं, वाटेत धूळ लागू नये म्हणून, आणि पदरानं डोळे पुसत राहिली. ती रडत होती आणि गाठी मात्र घट्ट मारत होती. रविना दाराशी उभी. तिचा हात नुसता कंबरेवर दाबलेला, जात्यावर बसणाऱ्या बाईची कंबर दुखते तिथे.

मला ते सहन होईना. भांडण झालं असतं तर सोपं होतं. मी ओरडलेच, "काब्र मदत करी ऱ्हायनात तुम्ही? आडवा ना मले! तुमनी गिरणी शे ना ही?"

रमिलाबाईनं शेवटची गाठ मारली. मग म्हणाली, "कसं आडवू माय? तुन्ही पोर तू ली जाई ऱ्हायनीस. आम्ही देज कोठे दिन्हं?"

देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या माहेरी द्यायचं ते. आम्हा खालच्या मुलखातल्या लोकांत उलटी गंगा. मुलीच्याच बापानं द्यायचं, वर आपल्याला सुधारलेले म्हणवून घ्यायचं. तरी मी देजाविरुद्ध एकदा याच पाड्यावर भाषण ठोकलं होतं. मुलीची किंमत लावता का, वगैरे. तेव्हाही रमिलाबाई झोपली होती.

आता ती ओट्यावर बसली, मला शेजारी ओढलं आणि तिनं आपली गोष्ट सांगितली. भोंगऱ्याच्या बाजारातून, होळीच्या आधी, ती डोंगरसिंगबरोबर पळून आली होती. पळून येणं हा काही गुन्हा नव्हे. मागाहून पंच बसतात, देज ठरतं, ते दिलं की सगळं रीतसर. पण डोंगरसिंगच्या घरी तेव्हा खायचे वांधे. देज राहून गेलं. आणि देज नाही तोवर बापानं मुलीच्या दारी यायचं नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही. यायचं तर कोणत्या नात्यानं? तिचं माहेर एका डोंगरापलीकडे. पहिली मुलगी झाली, थंडीत गेली. बापाला कळलं होतं. तो आला नाही.

"मी वाट देखत ऱ्हायनी," ती म्हणाली. "कुत्रं भुकनं तरी वाटे, बाप उना."

मग दोघं मिरचीच्या पथारीवर गेले. खोकत, डोळे चोळत, हिवाळ्यामागून हिवाळे मजुरी केली आणि देज फेडलं. त्याच आठवड्यात म्हातारा डोंगर चढून आला. खाटेवर बसला, पाणी मागून प्यायला, आणि इतक्या वर्षांचं काही न बोलता पहिला शब्द विचारला, "पोर, कशी शेस?"

"देज म्हणजे किंमत नही व माय," रमिलाबाई म्हणाली. "देज दिन्हं म्हणजे ती आम्हनी व्हयनी. आजारी पडनी तं आम्ही देखसूत. आनि मायबापले इचाराले येवाना हक्क. तुम्ही गिरणी अशीच दिन्ही, फुकट. मंग ती आम्हनी कशी? परकी पोर घरमा ठेयेल व्हती. तिले आम्ही हात कसा लावतूत?"

सारवलेली जमीन, गेरूची नक्षी, कोरं लुगडं, सगळं एकदम कळलं. आम्ही फळ्यावर इतके बाण काढले, त्यातला एकही इकडे वळला नव्हता. वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. त्या रागातच मी बोलून गेले, "मंग द्या ना देज! कोणी हात धरेल शे तुमना?"

रमिलाबाईचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. ती वळली आणि मोठ्यानं पावरीत दलसिंगला काहीतरी म्हणाली. दलसिंगनं दुसऱ्याला सांगितलं. पत्र्यावरची दोघं खाली उतरली. डोंगरसिंगनं पान्हा ठेवला. आंब्याच्या झाडाखाली माणसं गोल करून बसू लागली, बायका मागे उभ्या. नवनीत कानाशी लागला, "ताई, हे काय चाललंय?" मला तरी कुठे ठाऊक होतं! मी तावातावानं बोललेलं त्यांनी सोयरिकीचं बोलणं म्हणून धरलं होतं आणि पंच बसले होते.

पहिली अडचण लगेच आली. दलसिंगनं विचारलं, देज घ्यायचं कोणी? मुलीची आई कोण? मी म्हटलं, संस्था. रमिलाबाईनं ते पावरीत सांगितलंच नाही. मलाच झापलं, "हापिसले कव्हय पोर व्हस का? हापिस रडस का पोर गयी म्हणजे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. लग्नाला बारा वर्षं झाली, मला मूल नाही. खाली आमच्यात हे कोणी तोंडावर बोलत नाही आणि पाठीमागे बोलल्याशिवाय राहत नाही. इथे मात्र अख्खा पाडा नुसता वाट बघत होता. मी म्हटलं, "मी तिन्ही माय."

पुढचं भराभर झालं. मोठ्या लग्नासारखी घासाघीस करायची त्यांना फार हौस होती, मी नको-नको म्हणत होते, तर रमिलाबाई चिमटा काढून सांगत होती, "इतली सस्ती पोर देवानी नही, लोके काय म्हणतीन?" शेवटी ठरलं. प्रत्येक घरानं टोपलीभर मका किंवा ज्वारी आणायची, कारण सून एका घरची नव्हे, गावाची. वर एक कोंबडी, गूळ-डाळ्या आणि मोहाची बाटली. टोपल्या येत गेल्या. सगळ्यात गरीब घरातली कमलीबाई आली, तिच्या टोपलीत धान्य तळाला होतं. कोणी काही बोललं नाही, तीही पूर्ण टोपलीच धरली.

मोहाच्या दारूशिवाय बोलणं पक्कं होत नाही. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात चालत नाही. मी बोट बुडवून ओठाला लावलं, डोळे मिटले, आणि रमिलाबाई बटण दाबताना दिसते तशीच दिसले असणार, कारण सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मग दलसिंग उठून उभा राहिला. त्याचं बोलणं रमिलाबाईनं मला हळू आवाजात सांगितलं. आजपासून ही आमची. आजारी पडली तर आम्ही बघू. मेली तर आम्ही उचलू. तू तिची आई, तू येत जा, आम्ही तुला कळवत जाऊ.

"आनि आते मी तुन्ही याहीण," ती स्वतःच्या पदरचं म्हणाली. याहीण म्हणजे विहीण. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मी तिच्या.

डोंगरसिंगनं सोडलेले नट पुन्हा आवळले. टेम्पो रिकामा परत गेला, म्हणजे मका, ज्वारी नि मांडीवर एक कोंबडी सोडून. साहेबांना मी सांगितलं की गावानं लोकवर्गणी भरून गिरणी ठेवून घेतली. ते खूश झाले, शाश्वतता आली म्हणाले. कोरीटला आईनं कोंबडी बघून घर डोक्यावर घेतलं. "हाई काय आनं तू आम्हना घरमा?" मी म्हटलं, आई, लेकीचं देज आहे.

नोकरी महिनाअखेर संपली. मी भावाच्या पपईच्या बागेत राबू लागले. नवरा धीर देत होता, पण दोघांनाही ठाऊक होतं की माझं मन डोंगरात राहिलं होतं. आमच्या धंद्याचा एक नियम आहे. प्रकल्प असतो तोवर फोन ठेवायला सवड मिळत नाही. ताई पंप बंद पडला, ताई आमचं नाव राहिलं, ताई साहेब कधी येणार. प्रकल्प संपला की तो फोन मुका होतो. माझाही झाला. लोकांचा दोष नाही. माझ्याकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि एका दुपारी बागेत फोन वाजला. रविनाचा नंबर. रेंज मिळावी म्हणून ती वरच्या टेकडीवर आली असणार, वारा ऐकू येत होता. फोन रमिलाबाईच्या हातात होता. "याहीण, तुन्ही पोर आजारी शे. मोटार जळनी. ये." आणि रेंज गेली.

मोटार जळली म्हणजे पट्टा नव्हे. आता मी कुठून आणू? संस्थेचा प्रकल्प बंद, साहेब दिल्लीला, माझ्या खिशात भावानं दिलेला खर्च. रिकाम्या हातानं जाऊन त्यांची तोंडं कशी बघू? मी आईला म्हटलं, जात नाही, जाऊन काय करणार. तर जिनं कोंबडीवरून घर डोक्यावर घेतलं होतं, तीच आई कडाडली, "पोर आजारी शे नि माय जास नही? असं कव्हय व्हयनं का?" आणि तिनं माझ्या पिशवीत नारळ, खण आणि लाडवांचा डबा कोंबला.

धडगावपर्यंत बस, पुढे वडाप जीप, शेवटी पायवाट. उतरता उतरता थांबले. खालून आवाज येत होता. गिरणीचा आवाज. मला वाटलं भास. धावत, घसरत खाली पोचले तर खोलीच्या दारात बायकांची रांग, आत रविना धान्य ओतते आहे, आणि पांढऱ्या पिठानं भुवया माखलेली रमिलाबाई नेहमीप्रमाणे कोणाचा तरी डबा पुढे सरकवते आहे.

डोंगरसिंगनं मोटार पाठीवर बांधून शहाद्याला नेली होती. घराघरातून पुन्हा टोपल्या निघाल्या, बाजारात धान्य विकलं, मोटारीची जळलेली तार नव्यानं गुंडाळून आणली. काल बसवली.

मी धापा टाकत, घाम पुसत तिच्यावर ओरडले. इतकी घाबरवून टाकलीस, इतक्या लांबून धावत आले, "चांगली तं शे ती! मंग मले काब्र बलावं?"

रमिलाबाईला माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "पोर आजारी पडनी तं मायले सांगनं पडस ना," ती म्हणाली. "दवापानी आम्ही करं. तुन्हापाशी काई मांगानं नव्हतं. तुले फकत सांगं."

मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले आणि रडले. इतकी वर्षं मी गावोगाव हिंडले, माझ्यामागे संस्था होती, देणगी होती, गाडी होती. काही मागायचं नसताना मला आलेला हा पहिला फोन.

रमिलाबाईनं मला रडू दिलं. मग पिठाचे हात माझ्या खांद्यावर पुसत म्हणाली, "ऊठ व याहीण, बायका खोटी व्हई ऱ्हायन्यात." मी उठले, खोळंबलेल्या बायकांसाठी पोतं मोकळं केलं आणि लाडवांचा डबा रविनाच्या हातात दिला.